मोजणीवाला

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी मळ्यात सगळं नेहमीसारखं होतं.

डिसेंबरातला रविवार, सकाळचे सातच वाजले असतील. थंडी अशी, की वांग्याच्या पानाला हात लावला तर बोट ओलंही व्हायचं आणि बधिरही. विहिरीवरची मोटर सुरू होती. हिवाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी कोमट येतं, त्यामुळे दांडातून, म्हणजे पाटातून, वाहणाऱ्या पाण्यावर वाफेची एक लांब पट्टी तरंगत होती. बाबा कानटोपी घालून, फावडं घेऊन मेथीच्या वाफ्यात पाणी वळवत होते. आई गुरांच्या कोठ्यापुढच्या चुलीवर चहा उकळत होती. आणि मी बाजेवर गोधडी पांघरून, मांडीवर लॅपटॉप घेऊन कुणाच्या तरी कादंबरीतल्या चुका काढत होते. पुण्याच्या एका प्रकाशनसंस्थेत मी मुद्रितं तपासते. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस अकोल्याकडे, मेडशीला घरी आले होते, बुधवारी परत जायचं होतं.

"निता," बाबांनी हाक मारली, "तिकळे पाय बरं. धुऱ्यावर कोन बसून राह्यलं थे?"

मी मान वर केली. बांधावर, बाभळीखाली, छोट्याशा घडीच्या स्टुलावर एक माणूस बसला होता. मफलरनं तोंड गुंडाळलेलं, मांडीवर फळी, आणि हात लांब करून, एक डोळा मिटून तो आमच्या वावराकडे बघत होता. मुख्य रस्ता मोठा झाल्यापासून आमच्याकडे एक डोळा मिटून वावर बघणाऱ्या माणसाचा एकच अर्थ होतो.

"मोजणीवाला असन," बाबा म्हणाले. "रोडवाले आले वाटते पुन्हा. जाय, चहा ने त्याले. आधी चहा दे, मंग विचार."

"आधी चहा कायले?"

"तुह्या मायच्या हातचा चहा पेऊन कोनी खोटं बोललं नाई अजून."

मी चहा घेऊन गेले. जवळ जाताच त्या माणसानं हातानंच खुणावलं.

"जरा बाजूला होता का? … नाही नाही, तिथेच थांबा. … नाही, बाजूलाच व्हा."

"आधी ठरवा," मी म्हटलं. "आणि कोणत्या खात्याचे तुम्ही?"

"खातं?"

"मोजणी कोणाकडून चाललीय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कपाकडे पाहिलं. कप दोन्ही हातांत धरून आधी त्यावर बोटं शेकली, एक घोट घेतला — आणि मग मफलर खाली ओढून तो हसला. त्याचं नाक थंडीनं गाजरासारखं झालं होतं.

"मी शिक्षक आहे हो. चित्रकलेचा. गाव शिरपूर, इथं मालेगावला शिकवतो."

"पुरावा?"

त्यानं फळी माझ्याकडे वळवली. ओल्या कागदावर जांभळा रंग चारी बाजूंनी पसरला होता आणि मधे मधे पांढरे ठिपके उमटले होते.

"हे काय?"

"तुमची वांगी. … दव पडलं वरून. थंडीत रंग वाळतच नाही, तोवर झाड टपकतं."

"वांगी जांभळी आहेत हे मान्य," मी म्हटलं. "पण आमच्या वांग्यांना देवी आल्या नव्हत्या अजून."

तो इतका मोकळा हसला की चहा पँटवर सांडला. नाव विचारलं तर म्हणाला, "जानराव."

या वेळी हसण्याची पाळी माझी होती. तिशीतला माणूस, आणि नाव जानराव!

"आजोबांचं आहे," तो म्हणाला. "ते गेले त्याच आठवड्यात मी जन्मलो. मला कुणी विचारलंच नाही."

एवढ्यात फावडं खांद्यावर टाकून बाबाच आले. मोजणीवाला नाही हे कळल्यावर त्यांनी चित्र निवांत पाहिलं, मान तिरकी करून, बैल पाहावा तसं.

"रंग जमला," ते म्हणाले. "पन वांगी त कोनीबी काढते गा. थे दांडातली वाफ काढून दाखव."

जानरावनं दांडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"वाफेला रंग नसतो, काका."

"मंग? सोपं असतं त मीच नसतं काढलं? उद्या ये. मोटर सातले सुरू होते."

दिवसभर बाबा त्या एका गोष्टीवर खूश होते. संध्याकाळी भाकरीबरोबर भरीत खाताना म्हणाले, "मास्तर अडकला बरं वाफेत." मग जरा थांबून, "तुही गाडी बुधवारचीच ना?"

"हो."

"हं," ते म्हणाले.

मी काही बोलले नाही. झोपायची वेळ झाली होती.

पहाटे ते मोटर पाहायला उठले आणि विहिरीजवळच्या खांबाशी कोसळले. डॉक्टर म्हणाले, हृदय. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही. ज्यांच्या घरी झालंय त्यांना ठाऊक आहे.

सात वाजता जानराव आला तेव्हा अंगणात माणसं होती. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. रंगाची पिशवी गाडीच्या हँडलला अडकवली, टोपी काढून खिशात घातली, आणि लोक निघाले तसा त्यांच्या मागं चालू लागला.

*

तेरवी झाली. नातेवाईक गेले. माझ्यामागं भाऊ नाही, बहीण नाही. आईनं आणि मी बसून ठरवलं — म्हणजे मी ठरवलं आणि आई ऐकत होती — की मळा मक्त्यानं कसायला द्यायचा आणि आईला पुण्याला न्यायचं. शेजारचे दौलतसिंगभाऊ घ्यायला तयार होते. आमच्याकडे असे व्यवहार पाडव्यापासून धरतात. तोवर जमेल तसं मी सांभाळणार होते. मुद्रितं काय, कुठूनही तपासता येतात.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी धुऱ्यावर गाडी थांबली. जानराव बांधाच्या पलीकडेच उभा राहिला.

"येऊ का?"

"मोटर सातला सुरू होते," मी म्हटलं.

तो बसला. मी त्याच्या जवळ गेले आणि ते पहिलं, वांग्याचं चित्र दाखवा म्हटलं. त्यानं पिशवीतून काढून दिलं. मी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. मेथीच्या वाफ्याच्या जागी नुसता हिरवा पट्टा होता.

"त्यांना काढलं नव्हतं मी," तो हळूच म्हणाला. "मला माणसं येत नाहीत. … आणि ते एका जागी थांबतही नव्हते."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण "थांबतही नव्हते" हे इतकं खरं होतं, की बाबा गेल्यावर मी पहिल्यांदाच हसले. आणि मग, अर्थातच, नुसतं हसून भागलं नाही. तो दांडाकडे तोंड करून बसला आणि त्यानं मला रडू दिलं. मफलर मात्र न बघताच पुढं केला. त्याला रॉकेलचा आणि खडूचा वास येत होता.

तेव्हापासून तो आठवड्यातून तीन-चारदा येऊ लागला. शाळा साडेदहाची, नऊपर्यंत तो आमच्या धुऱ्यावर असायचा.

जलरंगाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. त्या हिवाळ्यात एवढं कळलं की चित्रकाराचं अर्धं काम म्हणजे वाट बघणं. एक थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, मगच दुसरा. घाई केली की सगळं एकमेकांत मिसळून चिखल होतो. मे महिन्यात थर दोन मिनिटांत वाळतो म्हणे. जानेवारीत, उन्हं यायच्या आधी — वीस मिनिटं. कधी पंचवीस.

त्या पंचवीस मिनिटांत बोलण्याशिवाय दुसरं काय करणार?

एकदा त्याला घाई झाली म्हणून त्यानं कागद शेकोटीवर धरला. तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्या भसकन पेटल्या, कागदाचा कोपरा काळा झाला आणि त्यावरचं आकाश आक्रसलं.

"संध्याकाळ झाली," मी म्हटलं.

"चेष्टा नका करू. शंभर टक्के सुती कागद आहे."

"मग वात वळायची होती."

"तुमी लय बोलता," तो म्हणाला, आणि एकदम थबकला. तोवर तो माझ्याशी शाळेतलीच मराठी बोलत होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या, आणि त्या वेळी थंडीचं निमित्त नव्हतं, कारण शेकोटी अगदी पुढ्यात होती.

"शिरपूरचे ना तुमी?" मी म्हटलं. "मंग असंच बोलत जा की. मले काय परीक्षा घ्याची हाय?"

बोटं गारठली की तो ती दांडातल्या कोमट पाण्यात बुडवून बसायचा. मग मीही बसायला लागले. पाण्यात चार हात असायचे. पाणी वाहतं होतं, त्यामुळे कधी त्याची करंगळी माझ्या करंगळीला लागायची… तर तो दोष पाण्याचा.

वाफ मात्र त्याला जमत नव्हती. पांढरा रंग दिला तर कापूस दिसायचा. करडा दिला तर धूर. चित्रामागून चित्रं फुकट गेली. मी प्रत्येक चित्र तपासून चुका काढायची, माझा धंदाच तो. एकदा म्हणाला, "तुम्हाला काहीतरी चांगलं दिसतं का कशात?" मी म्हटलं, "तुमचा कागद चांगला आहे."

एक दिवस थर वाळत असताना मी त्याला मेथीची गोष्ट सांगितली. कुणालाच सांगितली नव्हती. बाबा दर महिन्याला अकोल्याहून सुटणाऱ्या गाडीत माझ्यासाठी भाजीचं पोतं टाकायचे. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक. सतरा तासांनी पुण्यात पोतं उघडलं की आत काळा लगदा असायचा. वास यायचा. मी ते तसंच खाली कचऱ्यात टाकायची आणि बाबांना फोन करायची. ते विचारायचे, "पोचलं?" मी म्हणायची, "पोचलं." आठ वर्षं.

"म्हणजे खोटं बोलायचीस," जानराव म्हणाला.

कधी तरी मधेच आम्ही अरे-तुरेवर आलो होतो. नेमकं कधी, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"नाही. पोचायचं ना? मी खोटं बोलत नाही. मी गप्प बसते." आणि मग मी त्याला बुधवारच्या गाडीचंही सांगितलं, आणि त्या 'हं'चंही. "मला जायचं नव्हतं रे तेव्हा. आणखी आठ दिवस राहते, एवढंच म्हणायचं होतं. ते दोन दिवस खूश राहिले असते…"

"एकच रात्र," तो म्हणाला.

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी उठून गेले असते. पण तो हिशेब बरोबर होता आणि त्यानं तो फार हळू सांगितला होता.

"एक तर एक," मी म्हटलं.

*

दौलतसिंगभाऊ हे प्रत्येक गोष्ट दोनदा बघणारे गृहस्थ. जानेवारी संपता संपता ते आले. मी सांभाराच्या जुड्या बांधत होते. त्यांनी धुऱ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"ताई, थो मोजणीवाला रोजच येऊन राह्यला काय?"

मी मान वर केली. धुऱ्यावर जानराव एक डोळा मिटून, ब्रश लांब धरून बसला होता.

एक वाक्य पुरलं असतं. भाऊ, तो चित्रकलेचा मास्तर आहे. बस.

"येतो," मी म्हटलं.

"वावर जाते काय रस्त्यात?"

"मला कोणी काही सांगितलं नाही," मी म्हटलं. हे खरंच होतं.

भाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "मंग पाडव्याचं जरा थांबू. रोडात गेलं वावर त मी फसतो ना फुकट."

ते गेले. मी जुडी बांधायला घेतली तर सुंभाची गाठ बसेना. मी काय केलं होतं ते मला नीट कळत होतं. सबंध आयुष्य मी दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवत आले, आणि ही एक चूक मी तशीच राहू दिली होती… कारण ती मला हवी होती.

फेब्रुवारीत भाऊंनी पुन्हा दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी जुड्या बांधत राहिले.

आईला यातलं काही माहीत नाही असं मला वाटत होतं. एका सकाळी चहाचे दोन कप माझ्या हातात देत ती म्हणाली, "झालं नाई अजून त्याचं मोजून?"

"काय?"

"दोन महिने झाले व. वावर एवढंसं. मंग काय मोजते थो रोज, तुले?"

"आई!"

"माया एका डोयाचं झालं ऑपरेशन. पन त्या एका डोयानं लय साफ दिसते आता."

महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी थंडीची शेवटची लाट आली. त्या सकाळी जानरावनं कागद आधी दांडात बुडवून ओला केला आणि त्यावर नुसता मागचा हिरवा, मागचा मातकट रंग सोडला. मधली जागा कोरडी केली नाही, रंगवलीही नाही. हात बांधून बसला. रंग दोन्हीकडून सरकत आले… आणि एका ठिकाणी थांबले. तिथं वाफ होती.

मग तो म्हणाला, "यातली चूक सांग."

मी खूप वेळ शोधली.

"नाही सापडत," मी म्हटलं.

तो मला बघत होता, आणि त्यानं कुठलाही डोळा मिटला नव्हता. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. मला दिसलं. पण तो ब्रश धुवायला वळला.

"पाडव्याला जाशील ना?" पाण्याकडे बघत त्यानं विचारलं. "म्हणजे… जाणाऱ्या माणसाला मी काही विचारत नाही. बरोबर नाही ते."

*

थंडी गेली. कागद दहा मिनिटांत वाळू लागला, मग पाचात. आमचं बोलणं अर्ध्यावर तुटायला लागलं. मी त्याचं लक्ष नसताना ओल्या चित्रावर पाण्याचे थेंब टाकायची. एकदा त्यानं पकडलं.

"काय करून राह्यली?"

"दव पडलं."

"मार्चमधी?"

त्याच सकाळी बांधावरून दौलतसिंगभाऊ थेट त्याच्यापाशी आले. आई चहा घेऊन माझ्यामागं येतच होती.

"नमस्कार साहेब," भाऊ म्हणाले. "एक खरं सांगा. रोड कोन्या बाजूनं जाते?"

"कोणता रोड?"

"लपवू नका. तीन महिने झाले, तुमी इथं माप घेऊन राह्यले."

जानरावनं माझ्याकडे पाहिलं. मी मेथीकडे पाहिलं.

"मी मास्तर आहे हो भाऊ. चित्रं काढतो." त्यानं पिशवीतला गठ्ठाच पुढं केला.

भाऊ एकेक कागद दोनदा बघत गेले. वांगी, बाभूळ, कोठा, विहीर, वाफ. "रोड नाई कुठंच," शेवटी ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच कोड्यात पडला. "मंग ताईनं काहून नाई सांगितलं? मी तीनदा विचारलं तिले."

"तीनदा?" जानराव म्हणाला.

"हो. काहून नाई सांगितलं व?" हे आई. किटली हातात धरून, अगदी भोळ्या आवाजात.

मी गप्प होते. ते मला येतं.

"जाऊ द्या," भाऊ म्हणाले. "बरं झालं. पाडव्यापासून मळा मायाकडे. पक्कं. हात द्या ताई."

त्यांनी हात पुढं केला. आमच्याकडे कागद नंतर होतो. आधी चार माणसांसमोर हातात हात दिला की झालं. मेथीच्या वाफ्यावर ऊन आलं होतं. जानराव चित्रं पिशवीत परत घालत होता — सावकाश, एकेक, कडा जुळवत, जणू त्याला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. गठ्ठा आत गेला. त्यानं स्टुलाची घडी केली.

"भाऊ," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मी तुम्हाला फसवलं. हे मास्तर आहेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माफ करा. मळा द्यायचा नाही."

"दुसरं कोनी आलं काय घेनारं?"

"नाही."

"मंग?"

सगळे थांबले होते. भाऊंचा हात तसाच पुढं होता, आईची किटली तिरपी झाली होती आणि चहाची बारीक धार जमिनीवर पडत होती; ती तिच्या लक्षात आली असावी, पण तिनं किटली सरळ केली नाही. गप्प बसणं अजूनही सोपं होतं. कुणीतरी हसलं असतं, विषय बदलला असता, गाडी सुरू झाली असती.

मी भाऊंकडे नाही, जानरावकडे वळले. पुस्तकांत यासाठी किती वाक्यं वाचली होती मी, किती दुरुस्त केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"मले तू पायजे, जानराव," मी म्हटलं. "मी कुठंच जात नाई."